टर्बो गेला, असे ठरवण्याआधी

डिझेल इंजिनाची ताकद त्याला मिळणाऱ्या हवेवर ठरते. सिलिंडरमध्ये डिझेल जास्त फवारणे सोपे असते, पण ते पूर्ण जळायला पुरेल इतकी हवा आत आणणे अवघड असते. टर्बोचार्जर नेमके हेच काम करतो. इंजिनातून सायलेन्सरकडे निघालेल्या तप्त वायूंच्या झोतावर टर्बाइनचे चाक फिरते. ते ज्या दांड्यावर बसवलेले असते, त्याच्या दुसऱ्या टोकाला कंप्रेसरचे चाक असते. ते एअर फिल्टरमधून हवा ओढते, दाबते आणि इंजिनाकडे ढकलते. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये मिळवले. इंजिनाची ताकद तिने ठळकपणे वाढू शकते, हे १९२५ च्या सुमारास त्यांनी दाखवून दिले. आज थार, स्कॉर्पिओ, गुरखा, फॉर्च्युनर यांपैकी कोणत्याही डिझेल फोर बाय फोरच्या बॉनेटखाली हे यंत्र असतेच.

गाडीने दम टाकला की गॅरेजमध्ये पहिला शब्द ऐकू येतो, 'टर्बो गेला'. टर्बो हा महागडा भाग आहे आणि तो बदलायला फार वेळ लागत नाही, त्यामुळे हा निष्कर्ष झटकन काढला जातो. प्रत्यक्षात टर्बोच्या आधी हवेची वाट असते, नंतर इंटरकूलर आणि होज असतात, बाजूला नियंत्रण असते, वरून ऑइल येते आणि पुढे सायलेन्सर असतो. यांतले काहीही बिघडले तरी लक्षण टर्बोवर दिसते. म्हणून तपासणीचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे आणि बाहेरून आत असा असावा लागतो. टर्बो उघडणे ही त्यातली शेवटची पायरी.

यंत्राचा आवाका

मोटारगाडीतला टर्बो पूर्ण जोरात असताना त्याचा दांडा मिनिटाला दीड लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. कंप्रेसरच्या चाकाचा व्यास ५० मिलिमीटर धरला, तर दीड लाख फेऱ्यांना त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ३९० मीटर होतो, म्हणजे हवेतल्या ध्वनीच्या वेगाहूनही जास्त. टर्बाइनच्या बाजूला ७०० ते ८०० अंश सेल्सिअस तापलेले वायू असतात. या दोन टोकांमधला दांडा फक्त ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. हा थर काही सेकंद जरी तुटला तरी बेअरिंगला जखम होते.

दाबल्याने हवा तापते. ३० अंशांची हवा सव्वादोन पट दाबली की कंप्रेसरबाहेर पडताना तिचे तापमान १३० ते १४० अंशांपर्यंत जाते. तापलेली हवा विरळ असते. म्हणून ती इंटरकूलरमधून थंड करून मग इंजिनात सोडतात. कंप्रेसरपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इनटेक मॅनिफोल्डपर्यंतची रबरी होज, त्यांच्या क्लिपा आणि इंटरकूलरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या हा सगळा मार्ग दाबाखाली असतो. बिघाडाची तपासणी या मार्गापासून सुरू केली, तर बऱ्याच गाड्यांचा प्रश्न तिथेच सुटतो.

तक्रार नीट ऐकणे

'गाडी ओढत नाही' या एका वाक्यात अनेक तक्रारी असतात. गाडी सगळ्याच वेगांना मंद आहे, की फक्त खालच्या आरपीएमला? घाट चढताना एकदम ताकद जाते आणि चावी बंद करून पुन्हा सुरू केली की परत येते, असे होते का? बदल हळूहळू झाला की एका दिवसात? त्याआधी सर्व्हिसिंग, पाण्यातून प्रवास किंवा लांबचा धुळीचा रस्ता झाला होता का? या प्रश्नांची उत्तरे स्कॅनर देत नाही, चालक देतो.

फोर बाय फोर गाड्यांत टर्बोशी संबंध नसलेली कारणेही तीच तक्रार घेऊन येतात. क्लच घसरत असेल तर इंजिनाचे आरपीएम चढतात आणि वेग मात्र वाढत नाही. अशा गाडीत हवेचा दाब पूर्ण असतो. फोर व्हील ड्राइव्ह डांबरी रस्त्यावर चालू राहिली असेल तर पुढचे आणि मागचे आस एकमेकांविरुद्ध ताणले जातात आणि गाडी जखडल्यासारखी चालते. चिखलाने भरलेले ब्रेक चाक पकडून ठेवतात. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले असतील तर त्याच गिअरमध्ये त्याच वेगाला इंजिन कमी आरपीएमवर राहते. परिणामी टर्बो जिथे जोर धरतो त्या टप्प्याच्या खालीच गाडी रेंगाळते. म्हणून चाके हाताने फिरवून पाहणे, टायरचे माप वाचणे आणि क्लचची चाचणी घेणे हे बॉनेट उघडण्याआधीचे काम आहे.

उंचीचाही विचार लागतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१० मिलिबार असतो, महाबळेश्वरला सुमारे ८६०, लेहला सुमारे ६५० ते ६६० आणि खारदुंगला खिंडीत त्याहून बराच कमी, जवळपास निम्मा. मुंबईत २.२ बार एकूण दाब देण्यासाठी टर्बोला हवा २.२ पट दाबावी लागते. तोच दाब लेहमध्ये द्यायचा तर ती ३.३ पट दाबावी लागेल आणि दांड्याचा वेग धोक्याच्या हद्दीत जाईल. म्हणून इंजिनाचा संगणक उंचीवर दाबाचे लक्ष्य स्वतःच खाली आणतो. लडाखच्या प्रवासात मंदावलेली आणि खाली उतरल्यावर पूर्ववत झालेली गाडी बहुधा निरोगी असते.

धुराचा रंग

धूर ही तपासणीतली सर्वांत स्वस्त साक्ष आहे. ताकद कमी आणि धूर काळा असेल तर डिझेल येत आहे आणि हवा कमी पडते आहे. फिल्टर तुंबलेला असेल, होज फुटलेला असेल, जळके वायू पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल किंवा टर्बो दाब देत नसेल. ताकद कमी आणि धूर अजिबात नाही, असे असेल तर शोध डिझेलच्या बाजूला न्यावा. डिझेल फिल्टर तुंबलेला असतो, इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या रेलमधला दाब कमी असतो किंवा संगणकाने सुरक्षेसाठी डिझेल कापलेले असते. डिझेल कमी जळले की सायलेन्सरकडे जाणारी ऊर्जाही कमी होते, त्यामुळे टर्बोचा दाबही कमीच दिसतो. त्या आकड्याकडे पाहून टर्बो बदलला तर गाडी होती तशीच राहते.

निळसर धूर ऑइल जळल्याची खूण आहे. पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा किंवा कूलंटचा असू शकतो. तप्त सायलेन्सरमध्ये टर्बोतून ऑइल गळत असेल तरीही दाट, करडा-पांढरा धूर येतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-सहा मानकांनंतरच्या गाड्यांत डीपीएफ म्हणजे काजळीचा गाळक असतो. तो काळा धूर अडवतो. त्यामुळे अशा गाडीत धूर दिसला नाही म्हणून हवा पुरेशी आहे, असे मानता येत नाही. तिथे स्कॅनरचे आकडेच पाहावे लागतात.

कान, डोळे आणि साबणाचे पाणी

निरोगी टर्बोलाही बारीक शिट्टी असते. गाडीचा रोजचा आवाज ओळखणाऱ्याला तिच्यातला बदल लगेच कळतो. जोर देताच फुस्स असा हवेचा आवाज वाढत असेल तर दाबाच्या बाजूला गळती आहे. आरपीएमबरोबर चढणारा सायरनसारखा तीव्र स्वर चाकाचा तोल गेल्याचे किंवा पाते घासत असल्याचे सांगतो. थंड इंजिनात टकटक येऊन गरम झाल्यावर कमी होणारा आवाज बहुधा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅसकेटमधून सुटणाऱ्या वायूचा असतो. त्या जागी काजळीचे काळे पट्टे दिसतात. इथून सुटलेला वायू टर्बाइनपर्यंत पोचतच नाही, म्हणून दाब कमी पडतो.

यानंतर एअर फिल्टर काढून पाहावा. धुळीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा फिल्टर सर्व्हिस पुस्तिकेतल्या किलोमीटरची वाट पाहत नाही. फिल्टरनंतरच्या पाइपाच्या आतून बोट फिरवले आणि त्याला बारीक धूळ लागली, तर फिल्टर नीट बसलेला नाही किंवा स्नॉर्केलचा आणि डब्याचा सांधा उघडा आहे. ही धूळ कंप्रेसरच्या पात्यांच्या कडा सँडपेपरसारखी झिजवते.

दाबाच्या बाजूची गळती शोधायला इंजिन बंद असताना टर्बोच्या तोंडाशी टोपी लावून तिच्यातून अर्धा ते एक बार हवा भरतात. क्रँककेसच्या ब्रीदरची नळी आधी बंद करावी, नाहीतर हवा तिथून निसटते. मग प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी टाकले की फेस गळती दाखवतो. होजच्या खालच्या बाजूची चीर वरून दिसत नाही आणि इंजिन जागेवर फिरत असताना ती मिटलेलीही असते. खडबडीत वाटेवर इंजिन आणि चेसिस वेगवेगळे हलतात, त्यामुळे फोर बाय फोर गाडीत होज ब्रॅकेटला घासण्याचे प्रमाण जास्त असते. बाहेरून तेलकट आणि धूळ चिकटलेला सांधा दिसला, तर शोध तिथूनच सुरू करावा.

नियंत्रणाचा भाग

टर्बोने किती दाब द्यायचा हे ठरवण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. जुन्या आणि साध्या रचनेत वेस्टगेट नावाची झडप असते. दाब ठरलेल्या हद्दीला पोचला की तोच दाब झडप हलवणाऱ्या अॅक्च्युएटरच्या पडद्यावर येतो, झडप उघडते आणि जादा वायू टर्बाइनला वळसा घालून जातो. झडप नीट मिटत नसेल तर दाब कमी राहतो. अॅक्च्युएटरची नळी निघाली किंवा फाटली तर झडप उघडतच नाही आणि दाब हद्दीबाहेर जातो.

दुसऱ्या रचनेत टर्बाइनभोवती हलणारी पाती असतात. टाटा सफारीच्या २.२ लिटर डायकॉर इंजिनाच्या नावात असलेली 'व्हीटीटी' ही अक्षरे याच रचनेची. कमी आरपीएमला पाती मिटून वायूची वाट अरुंद करतात आणि झोत वेगवान होतो. जास्त आरपीएमला ती उघडतात. पाती हलवण्याचे काम व्हॅक्यूमवरचा पडदा करतो किंवा विजेची मोटर. व्हॅक्यूमच्या रचनेत सहसा व्हॅक्यूम मिळाला की पाती मिटतात, न मिळाल्यास उघडी राहतात. म्हणजे दोन हात लांबीची एक सुकलेली रबरी नळी तडकली, तरी पूर्ण निरोगी टर्बो दाब देणे थांबवतो.

ही तपासणी हाताने चालणाऱ्या व्हॅक्यूम पंपावर होते. पंप अॅक्च्युएटरला जोडून हळूहळू ओढला की रॉड सलग, न अडखळता सरकला पाहिजे आणि पाऱ्याच्या सुमारे ५०० मिलिमीटर इतक्या व्हॅक्यूमला पूर्ण सरकून तिथेच टिकला पाहिजे. काटा खाली आला तर पडदा फाटलेला आहे. पडदा टिकला आणि रॉड मात्र हलला नाही, तर पाती काजळीने जखडली आहेत. दोन्ही ठीक असतील तर सोलेनॉइड, नळ्या आणि इंजिनाचा व्हॅक्यूम पंप उरतात. ब्रेकचा बूस्टरही त्याच पंपावर चालतो. काही गाड्यांत पुढच्या आसाची जोडणीसुद्धा. म्हणून दाब कमी असताना ब्रेकचे पेडलही जड लागत असेल किंवा फोर बाय फोरचा दिवा लुकलुकत असेल, तर दोष सामायिक व्हॅक्यूममध्ये शोधावा.

अॅक्च्युएटरजवळचा मर्यादा-स्क्रू फिरवून पिकअप वाढवण्याचा मोह टाळलाच पाहिजे. त्याची जागा कारखान्यात हवेचा प्रवाह मोजून ठरवलेली असते. ती हलवली की पुढच्या कोणत्याही मापनाचा आधारच जातो.

स्कॅनरवरचे आकडे

पी०२९९ हा कोड दाब अपेक्षेपेक्षा कमी असल्याचे सांगतो, पी०२३४ हा दाब जास्त झाल्याचे. पी०२३६ ते पी०२३८ हे कोड दाबाच्या सेन्सरबद्दल असतात आणि पी००४५ नियंत्रणाच्या विद्युत मंडलाबद्दल. कोड काय घडले ते सांगतो. का घडले, ते चालत्या गाडीतले आकडे सांगतात.

पहिली चाचणी इंजिन सुरू न करता होते. चावी चालू केली की मॅनिफोल्डच्या सेन्सरने त्या गावच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे: मुंबईत साधारण १०१० मिलिबार, पुण्यात ९५० च्या आसपास. संगणकातल्या वातावरण-दाबाच्या सेन्सरशी तो जुळला पाहिजे. इथेच मोठा फरक दिसला तर सेन्सर काजळीने माखला आहे किंवा बिघडला आहे, आणि पुढचे सगळे आकडे अविश्वसनीय ठरतात.

दुसरी चाचणी चढावर करतात. इंजिन पूर्ण गरम असताना, मोकळ्या रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये सुमारे १५०० आरपीएमपासून पेडल पूर्ण दाबून अपेक्षित दाब, प्रत्यक्ष दाब, आत येणाऱ्या हवेचे वजन, अॅक्च्युएटरचा आदेश आणि रेलचा दाब यांची नोंद घेतात. आकडे वाचणारा चालकाशेजारी बसलेला असावा. गॅरेजमध्ये उभ्या गाडीला रेस देऊन ही चाचणी होत नाही. इंजिनावर भार नसेल तर टर्बो पूर्ण दाब देतच नाही.

हवेचे वजन जास्त आणि दाब कमी असेल, तर फिल्टरमधून आत आलेली हवा कंप्रेसरनंतर कुठेतरी निसटते आहे. वजन आणि दाब दोन्ही कमी असतील तर फिल्टर, पाती, टर्बाइन आणि सायलेन्सर यांकडे वळावे. जागेवर फिरतानाच वजन कमी असेल तर ईजीआर उघडा अडकल्याची शक्यता मोठी. रेलचा दाब आदेशाच्या खाली राहत असेल तर टर्बोचा विचार बाजूला ठेवावा. डीपीएफ असलेल्या गाडीत त्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक पाहावा. तो तुंबलेला असेल तर वायू पुढे सरकत नाही आणि टर्बाइनला जोर मिळत नाही.

ओव्हरटेक करताना प्रत्यक्ष दाब अपेक्षेच्या वर उसळी घेतो, पुढच्या क्षणी ताकद जाते आणि चावी फिरवल्यावर परत येते, असा नमुना वारंवार दिसतो. त्यामागे बहुधा काजळीने चिकटलेली पाती असतात. ती मिटलेल्या जागेवरून वेळेवर उघडत नाहीत. लांब काळ जागेवर चालू ठेवलेली आणि लहान फेऱ्या करणारी गाडी या दोषाला लवकर बळी पडते. पाती झिजलेली नसतील तर टर्बो उघडून साफसफाई केल्याने काम भागते.

ऑइलची साक्ष

इंटरकूलरच्या होजमध्ये ऑइलचा पातळ थर सापडणे सामान्य आहे. क्रँककेसची वाफ ब्रीदरमधून याच वाटेने आत येते. होज उलटा केल्यावर ऑइल ओघळत असेल तर मात्र कारण शोधावे. टर्बोच्या दांड्यावर रबरी सील नसतात. तिथे पिस्टन रिंगसारख्या कड्या असतात आणि दोन्ही बाजूंच्या दाबाच्या समतोलावर त्या ऑइल अडवतात. फिल्टर तुंबला की कंप्रेसरमागे ओढ निर्माण होते आणि ऑइल खेचले जाते. ब्रीदर तुंबला, पिस्टन रिंग झिजल्या किंवा टर्बोतून ऑइलच्या चेंबरकडे परतणारी नळी अर्धी बंद झाली, की ऑइल खाली उतरू शकत नाही आणि कड्या ओलांडते. या सर्व प्रकारांत ऑइल टर्बोतून गळताना दिसते आणि टर्बो निर्दोष असतो.

इंटरकूलरमध्ये साठलेले ऑइल धोकादायक असते. इंजिन ते डिझेलसारखे जाळू लागले तर चावी बंद करूनही थांबत नाही आणि आरपीएम चढतच जातात. अशा वेळी मॅन्युअल गिअरच्या गाडीत ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडला की इंजिन बंद पडू शकते. हवेचे तोंड सपाट, भक्कम वस्तूने झाकणे हा दुसरा उपाय. हात किंवा कापड तिथे नेऊ नये.

दांड्याची परीक्षा

वरचे सगळे तपासून झाल्यावर कंप्रेसरच्या तोंडाचा पाइप काढावा. इंजिन बंद आणि थंड असावे. चाकाची पाती टॉर्चच्या उजेडात पाहावीत. टवके उडालेले असतील तर काहीतरी घन वस्तू आत गेली होती; कडा एकसारख्या झिजल्या असतील तर धूळ. चाक बोटाने फिरवले तर ते अलगद फिरले पाहिजे. दांडा आडवा हलवला तर थोडा प्ले लागणे स्वाभाविक आहे, कारण ऑइलच्या थराची जागा तिथे रिकामी असते. पाते घराला टेकता कामा नये. दांडा आत-बाहेर ओढला तर हाताला प्ले जाणवता कामा नये. हे अंतर सहसा ०.१ मिलिमीटरच्या आत असते आणि डायल गेजने मोजतात. घराच्या आतल्या भिंतीवर घासल्याची चकाकती रेघ दिसली, तर टर्बो खरोखर गेला आहे.

मूळ कारण आणि नवा टर्बो

टर्बो आपण होऊन क्वचितच मरतो. काळवंडलेले, उशिरा बदललेले ऑइल बेअरिंगवर ओरखडे पाडते. ऑइलच्या पुरवठ्याच्या नळीत कोळसा साठला की बेअरिंग उपाशी राहते. घाट चढून आल्या आल्या इंजिन बंद करण्याची सवय असेल, तर तापलेल्या घरात थांबलेले ऑइल जळून हाच कोळसा बनते. इंजेक्टरच्या तळाचा वॉशर गळत असेल तर जळके वायू ऑइलमध्ये काजळी मिसळतात आणि चेंबरमधली जाळी तुंबते. तीव्र चढावर ऑइलची पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो. जुन्या टर्बोने यांपैकी कोणत्या कारणाने जीव सोडला हे न शोधता नवा बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो.

म्हणून नव्या टर्बोबरोबर ऑइल आणि फिल्टर बदलावेत, पुरवठ्याची नळी नवी घ्यावी, परतीची नळी आरपार साफ करावी, इंटरकूलर धुऊन त्यातले ऑइल आणि धातूचे कण काढावेत. ऑइलच्या सांध्यांवर सिलिकॉन लावू नये. त्याचा तुटलेला कण बारीक छिद्र बुजवतो. बसवताना टर्बोत स्वच्छ ऑइल ओतून चाक हाताने फिरवावे. डिझेल बंद ठेवून स्टार्टरने इंजिन थोडे फिरवून ऑइलचा दाब येऊ द्यावा, मग सुरू करून काही मिनिटे जागेवरच चालू ठेवावे. त्यानंतर जिथे पहिली नोंद घेतली होती त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, त्याच आरपीएमपासून गाडी पुन्हा न्यावी आणि दोन्ही वेळचे आकडे शेजारी ठेवावेत. अपेक्षित आणि प्रत्यक्ष दाबाच्या रेघा एकमेकींना धरून चढू लागल्या की दुरुस्ती पूर्ण झाली.